शंभरांतील ब्याऐंशी

मार्च १९२७ मध्ये मुंबईच्या कायदेमंडळात शिक्षणखात्याच्या अनुदानावर चर्चा चालू असता बाबासाहेबांनी सभागृहापुढे एक हिशेब मांडला. प्राथमिक शाळेत दाखल होणाऱ्या दर शंभर मुलांपैकी अवघी अठरा चौथ्या इयत्तेपर्यंत पोहोचतात; उरलेली ब्याऐंशी पुन्हा निरक्षर होऊन जातात. त्याच महिन्याच्या २० तारखेस महाडच्या चवदार तळ्यावर जे घडले ते आज आपल्या घरांतील लहान मुलांसही ठाऊक आहे. त्याआधी काही दिवस मांडलेला हा हिशेब मात्र आपण विसरलो. तळ्याचे पाणी आणि चौथीचा वर्ग हे एकाच लढ्याचे दोन भाग होते असे आम्ही मानतो. आणि त्यांतील पहिला भाग जितक्या अभिमानाने सांगितला जातो तितक्याच काळजीने दुसऱ्याकडे पाहिले जात नाही, ही आमची तक्रार आहे.

अलीकडे दीक्षा घेतलेल्या कुटुंबांकडून आम्हांस जी पत्रे येतात त्यांत पूर्वी देवघरातील टाकांचे काय करावे, लग्नविधी कसा लावावा, आडनाव बदलावे की काय, असे प्रश्न असत. आता त्यांत एक निराळा प्रश्न वरचेवर दिसू लागला आहे. जग झपाट्याने पालटत आहे, जागा थोड्या आणि उमेदवार फार. अशा चढाओढीत आमची मुले टिकावीत कशी? कोणत्या शाळेत घालावे, कोणता क्लास लावावा, कोणती शाखा घ्यावी? प्रश्न रास्त आहे. पण तो बहुधा दहावीच्या निकालाच्या आठवड्यात विचारला जातो, आणि त्या वेळी त्याला उत्तर देणे कठीण असते. कारण पुष्कळ मुलांच्या बाबतीत ते उत्तर पाचवीच्या वर्गातच लिहून झालेले असते.

आजची परिस्थिती १९२७ सारखी नाही, हे कोणीही कबूल करील. १ एप्रिल २०१० पासून सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलास शिक्षणाचा कायदेशीर हक्क आहे. मुले शाळेत जातात. २०११ च्या जनगणनेत देशातील बौद्धांचे साक्षरतेचे प्रमाण सुमारे ८१ टक्के भरले, आणि ते त्या वेळच्या अखिल भारतीय प्रमाणाहून बरेच वर होते. हे यश लहान नाही. ज्या समाजास शाळेच्या कोपऱ्यात गोणपाटावर बसविले जात होते त्या समाजाने ते दोन-तीन पिढ्यांत मिळविले. परंतु दुसरा एक आकडा याच्या शेजारी ठेवावा लागतो. २०२४ साली ग्रामीण भारतातील मुलांच्या वाचन-गणिताची 'असर' या नावाने पाहणी झाली. तिच्यात पाचवीतील मुलांपैकी दुसरीच्या पुस्तकातील मजकूर वाचता आला तो निम्म्याहून किंचित कमी मुलांना. आणि साधा भागाकार आला तो शंभरांतील सुमारे ३१ मुलांना. ही पाहणी सर्व जातिधर्मांच्या मुलांची आहे, केवळ आपल्या मुलांची नव्हे. पण ज्या घरात शिकविणारे कोणी नाही त्या घरातील मूल या दोन गटांपैकी कोणत्या गटात सापडण्याचा संभव अधिक, हे काय सांगावयास पाहिजे?

तेव्हाची ब्याऐंशी मुले शाळा सोडून जात आणि सर्वांना ती दिसत. गुरे राखताना दिसत, विटा वाहताना दिसत. आजची मुले वर्गातच बसलेली आहेत. अंगावर गणवेश आहे, हजेरीपटावर नाव आहे, दुपारी खिचडी मिळते, वर्षाअखेर प्रगतिपुस्तकावर उत्तीर्ण असा शेरा मिळतो, आणि पुस्तक उघडून वाच म्हटले तर जीभ अडखळते. बापाने विश्वास ठेवला तो शेऱ्यावर. आठवीपर्यंत कोणासही नापास करू नये असा पूर्वीचा नियम होता. २०१९ च्या दुरुस्तीने राज्यांना पाचवी व आठवीस परीक्षा घेण्याची मुभा मिळाली, आणि महाराष्ट्राने २०२३ मध्ये तसे ठरविले. नापास करण्याने मूल शिकते असे आम्हांस वाटत नाही. पण पास झाल्याचा कागद हा शिकल्याचा पुरावा नव्हे, एवढे आईबापांनी पक्के ओळखावे.

मग ओळखावयाचे कसे? ज्यास स्वतःस लिहितावाचता येत नाही त्यासही ते करता येते. मूल चौथी-पाचवीत असेल तर दुसरीचे मराठीचे पुस्तक आणून त्याला कोणतेही पान मोठ्याने वाचावयास सांगावे. धडा पाठ असेल तर पान बदलावे. मूल अक्षर जुळवत, थांबत, अंदाजाने शब्द बोलत असेल, तर ऐकणाऱ्या निरक्षर आईसही ते कळते. त्यासाठी पदवी लागत नाही. ७४५ ला ६ ने भाग म्हणावे. मूल आठवीत असेल तर १६० रुपये किलोची डाळ पाऊण किलो घेतली तर पैसे किती, हे विचारावे. भाजी विकणाऱ्या माउलीस हा हिशेब तोंडी येतो, आणि तिच्या आठवीतल्या मुलास वहीवर येत नाही, असे प्रसंग आम्ही पाहिले आहेत. त्यात मुलाचा अपराध नाही. ज्या वर्षी ती पायरी चुकली त्या वर्षी कोणी पाहिले नाही, इतकेच. गणित हा विषय असा आहे की त्यातील एक पायरी निसटली की पुढच्या सर्व पायऱ्या हवेत राहतात; भागाकार न येणाऱ्यास अपूर्णांक येत नाही, अपूर्णांक न येणाऱ्यास बीजगणित येत नाही, आणि मग दहावीनंतर 'आमच्या मुलाला गणिताची आवड नाही' असे म्हणून सायन्सची वाट बंद केली जाते. ती आवड-नावड नसते, चौथीतल्या चार महिन्यांची ती थकबाकी असते.

या ठिकाणी सुभेदार रामजी सकपाळ यांची आठवण आल्याखेरीज राहत नाही. परळच्या चाळीतील ती एक खोली आपल्या लेखकांनी व वक्त्यांनी इतक्यांदा वर्णिली आहे की आता आपण ती ऐकतो आणि पुढे जातो. थोडे थांबून पाहू. खोली एकच, तीच स्वयंपाकघर, तीच निजण्याची जागा, तीच अभ्यासाची. मुलास जागा व शांतता मिळावी म्हणून बाप त्याला लवकर निजवीत आणि रात्री दोनच्या सुमारास उठवून अभ्यासाला बसवीत. पुस्तकासाठी पैसे नसले म्हणजे लग्न झालेल्या मुलींकडे जात, त्यांच्याजवळ रोकड नसेल तर दागिना मागून घेत, तो गहाण ठेवीत आणि पेन्शन हाती आल्यावर सोडवून परत करीत. आपल्या भावाच्या पुस्तकासाठी अंगावरचा दागिना काढून देणाऱ्या त्या बहिणींचे ऋण आपण क्वचितच बोलून दाखवितो.

आणखी एक प्रसंग खुद्द बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथासाठी लिहिलेल्या, पण त्या वेळी अप्रकाशित राहिलेल्या प्रस्तावनेत सांगितला आहे. शाळेतील एक परीक्षा ते उत्तीर्ण झाले तेव्हा समाजातील लोकांस सभा भरवून मुलाचा सत्कार करावासा वाटला. रामजींनी साफ नकार दिला. अशाने पोराच्या डोक्यात वारे शिरेल, शेवटी त्याने परीक्षाच तर दिली आहे, असे त्यांचे म्हणणे. अखेर त्यांचे स्नेही दादा केळुसकर मध्ये पडले, सभा झाली, आणि तिच्या शेवटी केळुसकरांनी आपण लिहिलेले बुद्धचरित्र त्या मुलास भेट दिले. त्या पुस्तकाने मुलाचे मन हलविले. पुढे १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरास जे घडले त्याची एक मुळी या पुस्तकाच्या पानांत आहे. हार दुसऱ्या दिवशी सुकले असतील, पुस्तक राहिले. आज आपल्या वस्त्यांत नव्वद टक्के गुणांच्या मुलाचे मोठमोठे फलक लागतात, त्यावर मुलाच्या फोटोपेक्षा पुढाऱ्याचा फोटो मोठा असतो, आणि त्याच वस्तीत दुसरीचे पुस्तक वाचता न येणारी पाचवीतली मुले त्या फलकाखाली गोट्या खेळत असतात. रामजी असते तर काय म्हणाले असते याचा तर्क वाचकांनीच करावा.

यावर कोणी म्हणेल, रामजी स्वतः लष्करी शाळेत मुख्याध्यापक होते. आम्ही रोजंदारीवर जातो, आम्हांस काय येते? हे म्हणणे खरे आहे, आणि म्हणूनच हे काम एकट्या घरावर टाकून चालणार नाही. दीघनिकायातील सिगालोवाद सुत्तात तथागतांनी गृहस्थाचे धर्म सांगितले आहेत. त्यांत अपत्यासंबंधी आईबापांची जी कर्तव्ये सांगितली त्यांत त्याला पापापासून परावृत्त करणे आणि कल्याणात लावणे यांच्या लगोलग त्याला शिल्प, म्हणजे उपजीविकेची विद्या, शिकविणे हे येते. मुलास विद्या देणे ही संसाराची गोष्ट आणि वंदना ही धम्माची गोष्ट, असा भेद तेथे नाही. तेव्हा विहार हा केवळ वंदनेपुरता सकाळ-संध्याकाळ उघडून पुन्हा कुलूप लावण्याची जागा का व्हावा? विहारात वीज आहे, सतरंजी आहे, डोक्यावर छप्पर आहे. चाळीतल्या किंवा पत्र्याच्या घरात नसलेली शांतता आहे. वस्तीत बारावी झालेली, पदवी घेतलेली, नोकरीची वाट पाहत बसलेली दोन-चार मुलेमुली प्रत्येक ठिकाणी आहेत. त्यांनी संध्याकाळी दीड तास लहान मुलांस वाचन आणि गणित एवढेच शिकविले तरी पुरे. सोलापुरास बहिष्कृत हितकारिणी सभेने १९२५ साली वसतिगृह काढले तेव्हा तिच्याजवळ आजच्या एखाद्या मोठ्या जयंती मंडळाइतकाही पैसा नव्हता. जयंतीस आमचा विरोध नाही. पण ज्या मंडळास ध्वनिक्षेपकाच्या भिंती भाड्याने आणता येतात त्यास वर्षभर विहारातील दिव्याचे बिल आणि शिकविणाऱ्या मुलीस थोडे मानधन देता येऊ नये, हे आम्हांस पटत नाही.

आता चढाओढीविषयी. 'तुम्हांला काय, जागा राखीव आहेत' हे वाक्य आपल्या मुलांस शाळेत, बसमध्ये, कार्यालयात ऐकावे लागते. आणि दुर्दैवाने काही आईबापही मनातल्या मनात त्याच्या भरवशावर राहतात. राखीव जागा हा आपला घटनादत्त हक्क आहे, कोणाची मेहेरबानी नव्हे, आणि त्यासाठी झगडावयाचे ते झगडलेच पाहिजे. पण प्रवेशपरीक्षेत राखीव जागेसाठीही आपल्याच समाजातील शेकडो मुलांशी चढाओढ असते, आणि प्रवेश मिळाल्यावर पहिल्या वर्षाचे गणित सर्वांना सारखेच असते. शिवाय आपल्या आजोबांच्या काळी गिरणी, रेल्वे, नगरपालिका यांत सातवी-मॅट्रिक झालेल्यास कायमची नोकरी मिळे. १९८२ च्या संपानंतर मुंबईच्या गिरण्या एकामागून एक बंद पडत गेल्या. सरकारी कचेऱ्यांतील पुष्कळ कामे कंत्राटदाराकडे गेली, आणि कंत्राटदाराकडे राखीव जागा नसतात. आता पत्रे लिहिणारी, हिशेब जुळविणारी, भाषांतर करणारी यंत्रे आली आहेत. कारकुनी हे जे आपल्या पहिल्या शिकलेल्या पिढीचे आश्रयस्थान होते तेही डळमळू लागले आहे. गिरण्यांच्या भरभराटीच्या दिवसांतही विणकाम खात्यात, जेथे मजुरी अधिक, तेथे अस्पृश्य मजुरास घेत नसत. बाबासाहेबांनी १९२८ च्या संपाच्या काळात तो प्रश्न उघडपणे मांडला. त्या खात्याच्या दारावर जात उभी होती. आजच्या चांगल्या खात्यांच्या दारावर जात आहेच, आणि तिच्या जोडीला गणित आणि भाषा उभी आहेत. जातीशी चळवळ लढेल. गणिताशी आणि भाषेशी मुलास स्वतः लढावे लागते, आणि त्याची तयारी दहाव्या वर्षाआधी व्हावी लागते.

भाषेचा प्रश्न निघाला की इंग्रजी माध्यमाचा प्रश्न येतोच. आमचे मत स्पष्ट आहे, वाचकांस ते न रुचले तरी. इंग्रजी आलेच पाहिजे. त्यावाचून वरच्या शिक्षणाचा एकही दरवाजा पुरता उघडत नाही, आणि बाबासाहेबांच्या समाजाने इंग्रजीस भिण्याचे कारण नाही. पण इंग्रजी येणे वेगळे आणि इंग्रजी माध्यमाची पाटी लावलेल्या दुकानात मूल घालणे वेगळे. बाप वीटभट्टीवर राबून फी भरतो, मूल गळ्यात टाय बांधून जाते, आणि तेथील शिक्षिकेसच इंग्रजी वाक्य धड बोलता येत नाही. मूल मराठीस मुकते आणि इंग्रजीस पोहोचत नाही. अशा शाळेपेक्षा जिल्हा परिषदेची किंवा नगरपालिकेची चांगली शाळा, जेथे मूल आधी मराठीत झरझर वाचावयास शिकते, ती बरी. पुढे सेमी-इंग्रजी वर्ग असेल तर गणित व विज्ञान इंग्रजीतून घ्यावे. चांगल्या खाजगी शाळेत शिक्षणहक्क कायद्याखालील २५ टक्क्यांतील जागा मिळत असेल तर ती सोडू नये. २०२४ मध्ये राज्य सरकारने सरकारी वा अनुदानित शाळेच्या एक किलोमीटरच्या आतील खाजगी शाळांस या जबाबदारीतून सूट देऊ केली होती. मुंबई उच्च न्यायालयाने त्याच वर्षी ती रद्द ठरविली. हक्क जागा राहतो तो तो मागणारे असतात म्हणून.

पाचवीत असता जवाहर नवोदय विद्यालयाची निवडपरीक्षा देता येते. निवड झाली तर सहावीपासून निवासी शिक्षण. सरकारी वा अनुदानित शाळेतील आठवीच्या मुलास राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक शिष्यवृत्तीची परीक्षा देता येते. उत्तीर्ण होऊन निवड झाल्यास नववी ते बारावी वर्षास १२,००० रुपये मिळतात. दहावीनंतर भारत सरकारची शिष्यवृत्ती, समाजकल्याणचे वसतिगृह, आणि वसतिगृहात जागा न मिळाल्यास स्वाधार योजना. हे पुष्कळांस ठाऊक असते, पण फॉर्म भरण्याची तारीख उलटल्यावर. आणि कागदांविषयी एक गोष्ट विशेषतः नवदीक्षितांसाठी. धर्मांतराने अनुसूचित जातीचा हक्क जातो ही भीती अद्याप खेड्यांत घातली जाते. केंद्राच्या बाबतीत ती एके काळी खरी होती. १९९० च्या दुरुस्ती कायद्याने बौद्ध झालेल्या अनुसूचित जातीच्या व्यक्तीसही तो दर्जा मिळाला. भीतीने मुलाच्या दाखल्यावर खोटा धर्म लिहवू नये, आणि उत्साहात मूळ जातीचा पुरावाही फेकून देऊ नये. जात पडताळणीसाठी १० ऑगस्ट १९५० च्या आधीच्या वास्तव्याचा व जातीचा पुरावा मागितला जातो. आजोबा-पणजोबांच्या शाळेचा दाखला, गावचा जुना उतारा आजच शोधून जपून ठेवावा. बारावीच्या उन्हाळ्यात तो शोधावयास निघालेल्यांची जागा त्याच उन्हाळ्यात दुसऱ्यास गेलेली आम्ही पाहिली आहे.

मुलींविषयी थोडक्यात, पण स्पष्ट. वर सांगितलेल्या ८१ टक्क्यांत पुरुषांचे प्रमाण सुमारे ८८ होते आणि स्त्रियांचे ७४. बाविसाव्या प्रतिज्ञेपर्यंत सर्व प्रतिज्ञा तोंडपाठ असलेल्या घरात मुलीस दहावीनंतर 'गावात कॉलेज नाही' म्हणून घरी बसविले जाते, आणि तिच्याहून कमी गुणांचा भाऊ तालुक्यास खोली घेऊन राहतो. अशा घराने भिंतीवर सावित्रीबाईंची तसबीर लावली आहे म्हणून आम्ही त्याची गय करणार नाही.

अखेर एक अवघड गोष्ट. परीक्षा जिंकणे म्हणजे जग जिंकणे नव्हे, हे आपल्या समाजाने फार मोठी किंमत देऊन पाहिले आहे. हैदराबाद विद्यापीठातील संशोधक रोहित वेमुला अभ्यासात मागे नव्हता. वसतिगृहातून काढलेल्या पाच विद्यार्थ्यांत तो होता. १७ जानेवारी २०१६ रोजी तो आपल्यातून गेला. त्याच वर्षी १४ एप्रिलला त्याच्या आई राधिका वेमुला आणि भाऊ यांनी मुंबईत धम्मदीक्षा घेतली. मूल मोठ्या संस्थेत गेले की आईबाप समजतात आपले काम झाले. तेथेच त्याला घराची गरज अधिक असते. तेथील अपमान मुलाने एकट्याने गिळू नये. घरी सांगण्याची सवय त्याला लहानपणीच लागली पाहिजे, आणि ती लागते जेथे मुलाने प्रश्न विचारला म्हणून त्याच्या थोबाडीत बसत नाही तेथे. बाबासाहेबांनी लहानपणी आपल्या वडिलांस रामायण-महाभारताविषयी अवघड प्रश्न विचारले होते. औरंगाबादच्या, आजच्या छत्रपती संभाजीनगरच्या महाविद्यालयास त्यांनी ज्या मिलिंद राजाचे नाव दिले, तो राजा भिक्खू नागसेनास एकामागून एक प्रश्न विचारीत राहिला म्हणूनच आपल्याला माहीत आहे. आपल्या घरात मूल प्रश्न विचारते काय, आणि विचारल्यास आपण काय करतो, हे प्रत्येक बापाने एकदा स्वतःशी पाहावे.

आमची विनंती एवढीच आहे. येत्या पौर्णिमेस विहारात वंदना झाल्यावर दुसरीचे पुस्तक ठेवावे आणि वस्तीतील तिसरी ते आठवीच्या प्रत्येक मुलाकडून एक पान वाचून घ्यावे. कोणास हसू नये, कोणास बक्षीस देऊ नये. किती मुले वाचू शकली आणि किती नाही, हे दोन आकडे पोस्टकार्डावर आम्हांस कळवावेत. नावे नकोत.